पाणी ओसरल्यावरच्या घळी: नव्याने भटकणाऱ्या बेळगावकरांसाठी

जुलै-ऑगस्टमध्ये गोकाक फॉलला जायचं, धबधब्यासमोर फोटो काढायचे, भाजलेलं कणीस खायचं आणि येताना करदंटाचा डबा घ्यायचा. बहुतेक बेळगावकरांची गोकाकशी ओळख एवढ्यावरच थांबते. धबधबा जरूर बघा. सुमारे 52 मीटरवरून कोसळणारी गढूळ घटप्रभा बघण्यासारखीच असते. पण त्या पाण्याने जी घळ कोरली आहे ती त्या दिवसांत पाण्याखाली आणि तुषारांच्या पडद्याआड असते. ती बघायची तर पाणी ओसरल्यावर यायला हवं, आणि थोडी तयारी करून यायला हवं.

तयारी सह्याद्रीत फिरलेल्यांनाही करावी लागते, कारण तिकडच्या सवयी इथे चालत नाहीत. चोर्ला किंवा आंबोलीला काळा कातळ, दाट झाडी, पायाखाली ओल. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, बदामी या पट्ट्यात तांबूस वाळूचा खडक, बाभूळ-बोरीची काटेरी झुडपं, तरवड, निवडुंग आणि सावलीचा दुष्काळ. वर सपाट माळ दिसतो. त्या माळावरून चालताना पुढे शंभर-दीडशे फुटांचा कडा आहे हे काठावर पोचेपर्यंत कळत नाही. हे काही वाळवंट नव्हे, पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख आहे. बेळगावपासून गोकाक जेमतेम साठ किलोमीटर, पण पाऊस निम्म्याहूनही कमी.

आधी खडक ओळखा

पायाखालचा खडक बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावाच्या नावाने ओळखला जातो. कलादगी खोऱ्यातले हे थर उथळ समुद्रात आणि नद्यांच्या पात्रांत साठलेल्या वाळू-चिखलाचे आहेत. वय कोट्यवधी वर्षांच्याही पलीकडचं. माशांचासुद्धा जन्म झाला नव्हता तेव्हाचं. आपल्या बेळगावच्या बाजूचा काळा दगड त्यामानाने अगदी अलीकडचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्याखाली कलादगीचे थर गाडले गेले आहेत, आणि पूर्वेकडे जावं तसे ते उघडे पडत जातात.

हे माहीत असण्याचा उपयोग काय? बसाल्टच्या, म्हणजे त्या काळ्या दगडाच्या, डोंगरात पाणी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतं. वाळूच्या कठीण खडकात त्याला सरळ उभ्या चिरा सापडतात. त्या चिरा बहुधा दोन दिशांना एकमेकींना छेद देत जातात, म्हणून कडे तासल्यासारखे उभे राहतात आणि पडलेले दगड चौकोनी खोक्यांसारखे दिसतात. वरचा थर कठीण आणि खालचा मऊ असेल तर खालचा आधी झिजतो, आत पोकळी होते, वरचा छपरासारखा पुढे येतो आणि एक दिवस कोसळतो. अशा छपराखाली दुपारची सावली छान मिळते. तरी वर ताजी, फिकट रंगाची फट दिसत असेल तर तिथे बसू नका.

नकाशावर घळ शोधणं

घरी बसून अर्धं काम होतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे ऑनलाइन मोफत मिळतात. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमधला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला) उंचीचा फरक साधारण वीस मीटर. जिथे या रेषा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात तिथे कडा. जिथे त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या माळात आत घुसतात तिथे ओढा. दोन्ही एकत्र आले की घळ.

नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी उपग्रहाच्या चित्रात शोधायच्या. फेब्रुवारी-मार्चचं चित्र घ्या. सगळा माळ पिवळाधमक असताना एखाद्या चिरेत हिरवा ठिपका उरला असेल तर तिथे पाणी झिरपतंय. काळी बारीक रेघ म्हणजे अरुंद, खोल, ऊन न पोचणारी फट. सकाळी लवकर टिपलेल्या चित्रात सावल्या लांब असतात, त्यामुळे अशा फटी चटकन डोळ्यात भरतात.

गावांची, ठिकाणांची नावंही वाचा. शेवटी कोळ्ळ असेल तर दरी, हळ्ळ असेल तर ओढा, तीर्थ असेल तर बारमाही किंवा तसा मानला गेलेला झरा. एखादं देऊळ गावापासून लांब, अडचणीच्या घळीच्या तोंडाशी असेल तर त्यामागेही जवळपास नेहमी पाणीच असतं.

महिना कोणता

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट. मार्चमध्ये फक्त पहाटे ते नऊ-दहा. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका. तापलेला खडक दोन्ही बाजूंनी भाजून काढतो आणि घळीत वारा नसतो. जून ते ऑक्टोबर घळीच्या तळात उतरायचं नाही, हा नियम समजा. त्याचं कारण नीट सांगायला हवं, कारण तिथेच लोक फसतात.

कोरड्या प्रदेशातल्या घळीत पूर येतो तो तिथल्या पावसाने नव्हे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये 12 ऑगस्ट 1997 ला अकरा पर्यटक वाहून गेले. जागेवर पाऊस जवळपास नव्हता. काही मैल वर वादळी पाऊस झाला होता आणि ते पाणी अरुंद फटीत भिंतीसारखं आलं. आपल्याकडचा हिशेब याहून सोपा आणि म्हणूनच जास्त फसवा आहे. घटप्रभेचं पाणी घाटमाथ्यावरून येतं, वाटेत हिडकलचं धरण आहे. मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यात कणकुंबीला, जिथे पाऊस धो-धो पडतो, आणि ती घळ कापते ती सौंदत्तीजवळ, जिथे माळ कोरडा असतो. गोकाकजवळ गोडचिनमलकीच्या धबधब्यात उडी घेणारी मार्कंडेय म्हणजे आपल्या राकसकोप तलावातली, कंग्राळी-कडोलीच्या शिवारातून जाणारी तीच नदी. बेळगावात तीन दिवस झड लागली असेल आणि तुम्ही गोकाकला लख्ख उन्हात नदीच्या पात्रात उभे असाल, तर ते ऊन काही खरं नाही.

त्यात धरणांचा विसर्ग. ऑगस्ट 2019 च्या पुरात गोकाक शहर आणि रामदुर्ग दोन्ही पाण्याखाली गेले. एवढा मोठा पूर रोज येत नाही, पण दरवाजे थोडे उघडले तरी घळीतली पातळी बघता बघता गुडघ्यावरून छातीवर जाते. म्हणून हिवाळ्यातही निघण्याआधी दोन गोष्टी विचारा: वर पाऊस आहे का, आणि धरणातून किंवा कालव्यातून पाणी सोडणार आहेत का. पहिलं हवामान खात्याकडे कळतं. दुसरं काठच्या गावात, चहाच्या टपरीवर, कुठल्याही संकेतस्थळापेक्षा आधी कळतं.

घळीत शिरल्यावर पुराची खूण स्वतः वाचायला शिका. करंजाच्या किंवा बाभळीच्या फांद्यांत कडब्याची धाटं, प्लास्टिकच्या पिशव्या, एखादी फाटकी चप्पल अडकलेली असते. ती डोक्याच्या वर दोन पुरुष उंचीवर असेल तर गेल्या पावसात पाणी तिथपर्यंत होतं. तळात चालताना दर पाच-दहा मिनिटांनी एकदा वर बघून ठरवा, की आत्ता पाणी आलं तर या उंचीच्या वर कुठून चढायचं. उत्तर मिळत नसेल, दोन्ही भिंती गुळगुळीत असतील, तर तो तुकडा थांबून न राहता झटकन पार करा. खळखळाट वाढला, पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला, की फोटो नाही, सामान नाही, थेट वर.

पहिली घळ कोणती निवडावी

गोकाक फॉलचीच निवडू नका. तिथला तळ खोल आहे, उतार धोक्याचा आहे, वीजघर आणि सूतगिरणीची हद्द आहे. गोकाकला पहिल्यांदा काठावरूनच बघावं: धबधब्याच्या माथ्यावरचं कातळाचं पात्र, चालुक्यकालीन देवळं, आणि खुला असेल तर झुलता पूल. गिरणीसाठी 1887 मध्ये इथे पाण्यावर वीज तयार केली गेली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या वीजघरांपैकी हे एक. हिवाळ्यात धबधब्याला धारच नसते म्हणून लोक नाराज होऊन परततात. खरं तर तेव्हाच घोड्याच्या नालेच्या आकाराचा तो कडा उघडा पडतो आणि थर मोजता येतात.

उतरून चालायचं तर सुरुवात गोडचिनमलकीने करा. नदी दोन टप्प्यांत उतरते, वाट मळलेली आहे, सुट्टीच्या दिवशी माणसं असतात. दुसरी योगीकोळ्ळ, गोकाकच्या जवळच. देवस्थानापर्यंत रस्ता आहे आणि पुढे घळ किती जमेल तितकीच करता येते. तिसरी रामदुर्ग तालुक्यात सुरेबानजवळची शबरीकोळ्ळ: शबरीचं देऊळ, झऱ्याचं कुंड, दोन्ही बाजूंनी कडे. सौंदत्तीजवळची नविलतीर्थाची घळ नावाजलेली, पण तिच्या तोंडातच धरण बांधलंय. यल्लम्माच्या दर्शनाला जाताना लांबून बघा. धरणाच्या आवारात ड्रोन उडवणं तर सोडाच, काही ठिकाणी कॅमेऱ्यालाही अडवतात.

सोबत काय

माणशी चार लिटर पाणी. हे जास्त वाटतं, दुपारी बारापर्यंतच वाटतं. घळीतलं डबक्याचं पाणी गुरं पितात, वर शेतांची औषधं त्यात उतरतात. उकळूनही पिऊ नका, कारण औषध उकळून जात नाही. खायला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. इकडच्या खानावळींत कडक भाकरी बांधून मिळते. ती बॅगेत मोडली तरी बिघडत नाही, आणि सँडविचसारखी उन्हात आंबत नाही.

बूट घोट्याच्या वर येणारे, तळवा मऊ रबराचा. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. एक शिट्टी, एक टॉर्च, क्रेप बँडेज, काटे काढायला चिमटा. दोराचं काम शिकला नसाल तर दोर नेऊ नका. दोर असला की माणूस जिथे उतरू नये तिथे उतरतो.

घरी एका माणसाला लिहून द्या: कुठली घळ, कुठून उतरणार, किती वाजता फोन येईल आणि नाही आला तर कुठल्या गावात विचारायचं. तळात रेंज नसते. काठावर आल्यावर 112 लागतो, रुग्णवाहिकेसाठी 108.

उतरण्याआधी काठ, मग तळ

उजाडताना पोचा आणि पहिला तास काठावरूनच फिरा, कड्यापासून चार पावलं आत राहून. वरून सगळी घळ कळते: कुठे वळण, कुठे पडझड झालेला उतार, कुठे डबकं भिंतीला भिंत लागून भरलंय. उतरण्याची जागा म्हणून गुरांची वाट शोधा. शेळ्यांची नको, शेळी कुठेही जाते. जिथून म्हैस पाण्याला उतरते तिथून तुम्हीही उतराल आणि मुख्य म्हणजे चढाल.

तळात शक्यतो प्रवाहाच्या उलट, खालून वर चाला. वर चढलेल्या पायरीवरून खाली येता येईल की नाही याचा अंदाज चढतानाच येतो. उडी मारून उतरलेल्या पायरीवरून परत चढता येईल याची खात्री नसते. उडी मारून उतरणं पूर्ण बंद ठेवा. सपाट दिसणाऱ्या दगडावर हिरवट-काळा थर असेल तर तो शेवाळाचा आहे, कोरडा दिसला तरी. पाऊस होऊन गेल्यावर दोन-तीन दिवस मऊ थरांना हाताने धरून चढू नका, ते कुरकुरत हातात येतात.

वेग सह्याद्रीच्या निम्मा धरा. परतायची वेळ आधीच ठरवा आणि ती दुपारी एकच्या पुढे नको. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण घळीत उजेड त्याच्या तासभर आधी जातो.

दडलेल्या गोष्टी कशा सापडतात

इथे खरी मजा आहे. घळीत धावत जाणाऱ्याला फक्त दगड दिसतात. एका जागी बसा, पाणी प्या आणि समोरची भिंत खालून वर वाचा.

थरांच्या आत तिरप्या बारीक रेघा दिसतील, एका गटात डावीकडे झुकलेल्या, त्याच्या वरच्या गटात उजवीकडे. प्रवाहाने वाळूचे उंचवटे पुढे ढकलले तेव्हा त्यांच्या उतारावर बसलेले हे थर. रेघा ज्या बाजूला उतरतात त्या बाजूला पाणी वाहत होतं. आता खाली पडलेला एखादा पाटासारखा सपाट दगड शोधा आणि ऊन तिरपं असताना त्याच्या पाठीकडे बघा. त्यावर समांतर वळ्या असतील, बोटाच्या जाडीच्या, हात फिरवला तर कणकण लागणाऱ्या. गोव्याच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळूवर उमटतात त्याच या लाटांच्या खुणा, दगड होऊन बसलेल्या. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात त्या अजिबात दिसत नाहीत. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर दिसतात. ढगाळ असेल तर मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळपास टेकवून आडवा धरा.

पात्राच्या कातळात गोल खड्डे शोधा. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघितले असतील तर ओळख पटेल. तिथे दगड काळा, इथे तांबडा. खळग्याच्या तळाशी दोन-चार गोटे पडलेले असतात, सगळ्या बाजूंनी घासून गुळगुळीत. भोवऱ्यात फिरून फिरून खड्डा पाडणारे तेच. ते उचलून घरी आणू नका, त्यांचं काम अजून चालू आहे. आणि पाण्याने भरलेल्या खळग्यात पाय घालू नका. वरून गुडघाभर दिसणारा खड्डा पुरुषभर खोल आणि आतून रुंद असू शकतो, आणि बाहेर यायला काठ निसटा.

झरा शोधायचा असेल तर भिंतीत आडवी काळी ओली रेघ बघा. वरच्या वाळूच्या खडकाच्या फटींतून पाणी खाली मुरतं, मध्ये चिकणमातीचा थर आला की त्याला पुढे जाता येत नाही आणि ते आडवं सरकत भिंतीतून बाहेर येतं. त्या रेघेवर हंसराजाची नाजूक, काळ्या देठाची पानं लटकलेली असतात, खाली उंबर किंवा पिंपरण मुळं पसरून बसलेली. जवळ शेंदूर लावलेला एखादा दगडही निघेल. तिथे चपला काढा, पाण्यात साबण नको.

भिंतीत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं, त्यांतून मोठे कोनाडे, आणि कोनाडे आरपार गेले की कमान. ओल मुरते, सुकते, क्षार फुलतात, कण सुटतात. त्यातून हे घडतं. अशी नैसर्गिक कमान बघायची तर बदामीजवळची सिदलफडी. अगस्त्य तलावाच्या मागच्या डोंगरातून पाऊलवाट जाते, वाट फाटे फोडते, तेव्हा गावातला माणूस सोबत घ्या. त्या खडकाच्या आसऱ्याला प्रागैतिहासिक माणसाने तांबड्या रंगात चित्रं काढली आहेत. ती फिकट आहेत. फोटोत उठून दिसावीत म्हणून त्यांवर पाणी शिंपडणारे महाभाग भेटतात. पाण्याने ती दोन मिनिटं ठळक होतात आणि कायमची खराब होतात. तसं कुणी करत असेल तर भीडभाड न ठेवता हटका.

मोहोळ, साप, काटे

या घळींत सगळ्यात धोकादायक प्राणी बिबट्या नाही, आग्या मोहोळ आहे. कड्याच्या छपराखाली हातभर रुंद काळे अर्धगोल लटकलेले दिसले की आवाज बंद, अत्तर-डिओ आधीपासूनच नाही, धूर तर नाहीच. वाट पोळ्याखालूनच जात असेल तर मागे फिरा. माश्या उठल्याच तर तोंड कापडाने झाका, हात न उडवता आल्या वाटेने लांब पळत सुटा. पळताना कड्याचा काठ विसरू नका.

सापांत फुरसं आणि घोणस यांच्याकडे लक्ष ठेवा. फुरसं वीतभर असतं, दगडाच्या रंगात मिसळतं आणि सकाळच्या उन्हाला दगडावरच असतं. जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही. तो अवयव हलू न देता माणसाला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्या.

संध्याकाळी कड्यावरून घुमणारा खर्जातला हुंकार ऐकलात तर घाबरू नका, ते शृंगी घुबड आहे. त्याला या घळी फार आवडतात.

माणसं

तुमच्याआधी ही घळ ज्यांना पाठ आहे ते मेंढपाळ असतात. मराठी-कन्नडचा वाद बेळगावच्या चौकात ठेवा; माळावर दोन वाक्यं कन्नडमधून बोललात की वाट दाखवायला माणूस स्वतः उठतो. "अज्जा, नीर एल्ली ऐत्रि?" म्हणजे पाणी कुठे आहे, आणि "जेन ऐतेन्रि?" म्हणजे मोहोळ आहे का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हाताने मिळेल, दुसऱ्याचं चेहऱ्यावरून. खालच्या वाटेची चौकशी करताना "पलीकडे जाता येतं का" असं विचारू नका, त्यांना सगळीकडे जाता येतं. "तुमची नातवंडं जातात का" असं विचारा.

वनखात्याच्या हद्दीत शिरण्याआधी जवळच्या वनरक्षकाला सांगा, देवस्थानाच्या आवारात पुजाऱ्याला. मुक्काम घळीच्या तळात करायचा नाही, परवानगी मिळाली तरीसुद्धा.

पुढचे टप्पे

दोन-तीन सोप्या घळी जमल्या की बदामीला दोन दिवस द्या. हा सगळा खडक तिथे मोठ्या प्रमाणावर, एका जागी, उलगडून बघायला मिळतो. तिसऱ्या लेण्यात शके 500 म्हणजे इ.स. 578 चा लेख आहे. ते लेणं बघताना मूर्तींवरून नजर जरा वर छताकडे न्या आणि कारागिरांनी कुठला थर निवडला ते बघा: जाड, एकसंध, चिरा नसलेला. तिथून पुढे मलप्रभेच्या काठाने पट्टदकल, ऐहोळे होतं. कड्यांवर दोर लावून चढणारी मुलं दिसतील. प्रस्तरारोहण शिकायचं असेल तर तिथे शिका, जाणत्या माणसाच्या हाताखाली, आणि मगच गोकाकच्या खालच्या घळीचा विचार करा. एसटी आणि वडाप दोन्ही मिळतात, पण रविवार टाळा. बुधवार-गुरुवारी सिदलफडीच्या वाटेवर सरड्यांशिवाय कुणी नसतं.